एकटा निघतोयस, तर हे ऐक

एकट्यानं भटकायची पहिलीच वेळ असेल तर हत्तरसंग कुडलला जा. सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर, सीना-भीमेचा संगम, काठानं बाभळीची झाडी. मार्चमध्ये साडेसहाच्या सुमारास उजाडतं; पोच आधी, पण नीट दिसायला लागल्यावरच झाडीत शीर. उन्हाळा लागला की घोणस रात्री फिरते, पहाटे वाटेवरच पडलेली असते. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला तर जागीच थांब, आवाज कुठून येतोय ते बघ, मग मागं सर. कानात इअरफोन नकोतच.

चप्पल घालू नकोस. बाभळीचा काटा तळातून आरपार येतो. मी एकदा दोन किलोमीटर लंगडत आलोय. जाड तळाचे बूट, हातात काठी, दोन लिटर पाणी, भाकरी आणि शेंगाचटणी.

भीमेचं पात्र कोरडं दिसलं तरी मधे जाऊन बसू नकोस. उजनी धरणातून पाणी सोडलं की ते इथवर येतं. कुठल्या काठानं जाणार ते घरी सांगून ठेव, रेंजचा भरवसा नाही.

परतताना संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख बघ. नवाच्या आत गाडीपाशी ये, नंतरचं ऊन आपलं सोलापुरी.