एन्झाइम शिकायला घेतलंयस तर एवढं बघ

हे बघ, एन्झाइम म्हणजे पचनाचं औषध एवढंच डोक्यात धरून बसू नको, पेशीतल्या रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारं ते, बहुतेक वेळा प्रोटीन, रिअ‍ॅक्शन सुरू व्हायला लागणारी एनर्जी कमी करतं आणि स्वतः मात्र खर्च होत नाही. 1897 मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं यीस्ट वाटून नुसत्या गाळलेल्या रसानं साखर आंबवून दाखवली, जिवंत पेशी नसतानाही! मला हा प्रयोग फार आवडतो.

आपल्याकडची ज्वारीची कडक भाकरी सावकाश चावत राहा, जरा वेळानं गोडसर लागते, लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम स्टार्चचं माल्टोज, म्हणजे एक साखर, करत असतं. प्रॅक्टिकलला हेच आयोडीन टाकून बघायचं, निळा रंग येईनासा झाला की स्टार्च संपला. पण सोलापुरात मे महिन्यात रूम टेंपरेचर 25 असं डोळे झाकून लिहू नको बाबा, पारा चाळिशीपार जातो, वॉटर बाथ 37 ला लाव आणि थर्मामीटर बघूनच आकडा टाक.

आणि उकळल्यावर एन्झाइम मेलं असं जर्नलमध्ये लिहायचं नाही, ते जिवंत नव्हतंच, उष्णतेनं त्याची घडी मोडते, तिथं डिनेचर झालं असंच लिही.