स्वयंपाकघर सामायिकच घे

तुझा प्रश्न असा: म्युनिकच्या विद्यार्थी वसतिगृहात स्वतंत्र अपार्टमेंट मागू, की सामायिक स्वयंपाकघरवाली खोली? आई म्हणतेय स्वतंत्रच घे, आपण शाकाहारी, उगाच कटकट नको. मी ठाण्याच्या नौपाड्यातून निघाले तेव्हा माझी आईही हेच म्हणाली होती, आणि मी ऐकलं. पहिलं वर्ष स्वतंत्र खोलीत काढलं, पुढची दीड वर्षं सहा जणांच्या वेगेत. वेगे म्हणजे एक फ्लॅट, खोल्या आपापल्या, स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांचं मिळून.

माझं मत सरळ आहे, वेगेच घे.

स्वतंत्र खोलीत वाईट काहीच नव्हतं. फक्त डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी दार लावलं की सोमवारच्या लेक्चरपर्यंत एका माणसाशी बोलणं होत नाही. आपल्याकडे निदान मेंटेनन्सच्या पावतीसाठी तरी कुणी बेल वाजवतं.

वेगेत ओळख झाली ती कांद्यामुळे. रविवारी तिथे दुकानं बंद, आणि बव्हेरियात इतर दिवशीही रात्री आठला शटर खाली. माझे कांदे संपले होते, इराणी मुलीकडे होते. पोहे केले तर हळद तिनेच ओळखली. फारसीत हळदीला जर्दचूबे म्हणतात, म्हणजे पिवळं लाकूड. तेव्हापासून रविवारी पोहे ठरलेलेच. (जाडे पोहे घरून ने.)

शाकाहाराचं म्हणशील तर फ्रीजमध्ये प्रत्येकाचा कप्पा वेगळा असतो. कढई आणि तवा मात्र स्वतःचे ठेव आणि पहिल्याच दिवशी सांग, ‘यात मांस शिजवू नका.’ कुणाला राग येत नाही. राग येतो तो न सांगता तोंड फुगवून बसलं की. आपण एकतर गप्प बसतो, नाहीतर एक दिवस सगळं एकदम काढतो. तिथे फ्रीजवर साफसफाईचं वेळापत्रक असतं, पुत्सप्लान. तुझी पाळी चुकली तर चिठ्ठी चिकटलेली दिसेल. पहिली चिठ्ठी वाचून मी रडले होते. नंतर कळलं, लिहिणारा त्याच संध्याकाळी मला चहा विचारत होता आणि मीच नाही म्हणाले होते.

आता फोडणी. धूर झाला की खिडकी उघडायची, पॅसेजचं दार चुकूनही नाही. मी दार उघडलं, पॅसेजमधला अलार्म वाजला आणि अख्खा मजला चपला घालून थंडीत खाली उभा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, रविवारी दिवसभर. मिक्सर त्या वेळा टाळून उरक.

पैशाचं थोडक्यात. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. ती दर घरामागे एकच असते, म्हणून वेगेत एकाच्या नावावर भरून बाकीच्यांनी वाटून घ्यायची. सहा जणांत ३.०६. पण पॅसेजला रांगेनं नुसत्या खोल्या असतील, तर प्रत्येक खोली वेगळं घर धरतात. हे आधी विचार. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं. ते किल्लीबरोबरच माग. आणि खोलीत पाऊल टाकलं की शेगडीच्या काचेसकट सगळ्याचे फोटो काढ. माझ्या डिपॉझिटमधून आधीच्याच ओरखड्याचे पैसे कापले गेले आणि दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

स्वतंत्र हवंच असेल तर ऑलिम्पिक गावातले बंगले बघ. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये तिथे महिला खेळाडू राहायच्या; आताचे बंगले नंतर नव्यानं बांधलेत. खोली एकटीची, पण दारं गल्लीत समोरासमोर, आणि भिंती मुलं स्वतः रंगवतात. उन्हाळ्यात तर आपल्या चाळीसारखंच. खोलीसाठी मात्र कित्येक महिने थांबावं लागतं, म्हणून प्रवेशाच्या पत्रानंतर अर्जाला उशीर करू नकोस.

एक मात्र करू नकोस. व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्याच पाच जणांचं आधी जमवून जाऊ नकोस. वरणभात छान मिळेल, जर्मन मात्र दोन वर्षांनीही ‘हालो-चूस’च्या, म्हणजे नमस्कार आणि बायच्या, पुढे जाणार नाही.

मी या महिनाअखेरपर्यंत ठाण्यात आहे. आईलाही घेऊन ये, ट्रान्स-हार्बर लोकलनं कितीसं लांब आहे. तलावपाळीला बसू. कढईचं त्यांना मीच सांगते.