गन शोमध्ये स्वस्त काय मिळतं, काय नाही (डॅलसच्या दादांच्या प्रश्नाला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमचा प्रश्न असा, की ग्रीन कार्ड येऊन सहा महिने झाले, मुलगी १३ वर्षांची आहे, पॅरिसला स्वप्नील कुसाळेचं कांस्यपदक बघितल्यापासून तिला रायफलचं वेड लागलंय. म्हणून एक पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंचाची छोटी गोळी मारणारी रायफल आणि वर्षभर पुरतील एवढ्या गोळ्या घ्यायच्यात. ऑफिसातला मित्र म्हणतो, गन शोला, म्हणजे बंदुकांच्या विक्रीच्या जत्रेला चल, निम्म्या भावात काम होईल. खरंच होईल का?

नवी रायफल निम्म्या भावात मिळणार नाही, हे आधी सांगून टाकते. पण योग्य टेबलापाशी योग्य वेळी उभे राहिलात, तर दुकानात बघायलाही मिळणार नाही अशी वस्तू परवडेल अशा भावात मिळू शकते. मी मूळची कोल्हापूरची. कॉलेजात एन.सी.सी.त पॉइंट टू टूवर पहिला बार काढला आणि ते वेड इथे टेक्सासात आल्यावर पुन्हा उफाळून आलं. गेली १४ वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या शोला जातेय. पहिली दोन वर्षं पैसे घालवले, मग शिकले.

नव्या, खोक्यातल्या मालात डीलरला, म्हणजे परवानाधारक विक्रेत्याला, सुटतंच थोडं. शोमध्ये त्यातून टेबलाचं भाडं आणि हॉटेलचा खर्च काढायचा असतो, मग तो तुम्हाला काय सोडणार? भाव गावातल्या दुकानाएवढाच असतो, फार तर दहा-वीस डॉलर इकडे तिकडे. त्यावर तुमचं प्रवेशाचं तिकीट, पार्किंग, आणि आपल्याकडे सव्वाआठ टक्क्यांपर्यंत जाणारा सेल्स टॅक्स. कार्डाने दिलेत तर काही जण वर तीन टक्के लावतात. म्हणून टेबलावरच्या चिठ्ठीवरचा आकडा बघून हिशेब करू नका. सरळ विचारा, ‘आउट द डोअर किती?’ सगळं धरून जो आकडा येईल तोच खरा. निघायच्या आदल्या रात्री गनब्रोकर या लिलावाच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचे संपलेले लिलाव बघून ठेवा. लोक किती मागतात ते बघू नका, किती देऊन घेऊन गेले ते बघा आणि कागदावर लिहून खिशात ठेवा. एवढा एक कागद जवळ असला की हातून सहसा चूक होत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. शोमध्ये खरी किंमत वसूल होते ती जुन्या टार्गेट रायफलींत. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना नेम शिकवण्यासाठी पॉइंट टू टूच्या जड नळीच्या रायफली मोठ्या संख्येने बनल्या, त्यातलीच मॉसबर्गची ४४ यूएस. रेमिंग्टनची ५१३-टी १९४०पासून १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होती. कितीतरी शाळांच्या आणि क्लबांच्या रेंजवर या रायफली वापरल्या गेल्या. त्या आजही नव्या प्लॅस्टिकच्या दस्त्याच्या रायफलीला लाजवतील असं ग्रुपिंग देतात, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या अगदी जवळ लागतात. दुकानदार त्या फारशा ठेवत नाहीत, कारण चटकन खपत नाहीत. शोमध्ये मात्र एखादे आजोबा आपला संग्रह कमी करायला बसलेले असतात, त्यांच्या टेबलावर अशी रायफल हमखास दिसते.

माझी ५१३-टी मी फोर्ट वर्थच्या विल रॉजर्स सेंटरमध्ये रविवारी दुपारी घेतली. मागची पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट, गायब होती; नळीमागच्या लोखंडी भागावर फक्त स्क्रूची भोकं. विक्रेत्याने सकाळी सांगितलेला भाव पूर्ण रायफलीचा होता. जुनी रेडफील्डची साइट वेगळी घ्यायला गेलं तर चांगलीच महाग पडते, हे मला माहीत होतं. मी तेच शांतपणे सांगितलं, ‘रायफल छान आहे, पण नेम कशाने धरू?’ भाव उतरला. साइट आठ महिन्यांनी दुसऱ्या एका शोमध्ये सुट्या भागांच्या ट्रेमध्ये सापडली. तुम्ही घ्याल तेव्हा साइट आणि मॅगझिन दोन्ही जागेवर आहेत का ते आधी बघा. जुन्या पॉइंट टू टूची मॅगझिनं मूळ कंपनीची मिळणं फार कठीण असतं, आणि नसलेल्या मॅगझिनचे पैसे भावातून वजा झालेच पाहिजेत.

हात लावण्याआधी विचारायचं. टेबलावरच्या हत्यारांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावलेल्या असतात, तरी नळी कुणाकडे वळणार नाही याची काळजी घ्यायची, आणि बोल्ट उघडून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्यायचं. परवानगीशिवाय चाप ओढायचा नाही. पॉइंट टू टूच्या काही जुन्या रायफलींत रिकामा चाप ओढला की फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती कड दबते.

मग नळी. एक छोटा बोअर लाइट घेऊन जा. चेंबरच्या बाजूने उजेड टाकून तोंडाकडून बघा. आतल्या आट्या धारदार, सलग, चमकत्या दिसायला हव्यात. माझी पहिली खरेदी मी याच पायरीवर घालवली. बाहेरून काळीभोर, दस्ता अक्रोडाचा, भाव मोहात पाडणारा. नळीतून घाईने बघितलं, उजेड दिसला, पैसे दिले. घरी येऊन पुल-थ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी बांधून ओढली तर मध्यावर चिंदी एकदम सैल सुटली आणि पुन्हा घट्ट झाली. नीट उजेडात बघितलं तर आत बांगडीसारखी काळसर कडी. कधीतरी एक गोळी नळीत अडकली असताना मागून दुसरी मारलेली होती, आणि नळी तिथे फुगलेली. बाहेरून बोट फिरवलं तर जरासा उंचवटा हाताला लागत होता. तो मी टेबलाजवळ दहा सेकंद बोट फिरवलं असतं तर तेव्हाच कळला असता.

स्क्रूच्या खाचा चेमटलेल्या असतील तर आधी कुणीतरी चुकीच्या पेचकसाने ती उघडलेली आहे; काय उघडलं, का उघडलं, विचारा. कोपरे गोलसर झालेत आणि कोरलेली अक्षरं पुसट झालीत, तर घासून पुन्हा काळी केलेली आहे. नेमबाजीला त्याने फरक पडत नाही, संग्राहकाच्या दृष्टीने मात्र किंमत कोसळते. आपल्यासाठी हे चांगलंच आहे. नंतर भोकं पाडलेली, पुन्हा पॉलिश केलेली, पण नळी उत्तम असलेली रायफल ही तुमच्या मुलीसाठी सगळ्यात पैसा वसूल वस्तू. आणि रायफल बोल्ट अ‍ॅक्शनच घ्या, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागतो ती. रुगर १०/२२ सगळे सुचवतील, १९६४पासून चालत आलेली चांगली रायफल आहे, पण ती पुढची गोळी आपोआप भरते; शिकणाऱ्याने दर गोळीमागे बोल्ट ओढावा, श्वास सोडावा, पुन्हा नेम धरावा. नवीच हवी असेल तर सीझेड ४५७ किंवा सॅव्हेज मार्क टू बघा, आणि ती दुकानातूनच घ्या.

गोळ्यांचा हिशेब नेहमी प्रत्येक गोळीमागे करायचा. डब्यात ५० आहेत, १०० आहेत की ३२५, हे न बघता लोक डब्यांचे भाव एकमेकांशी ताडून बघतात. पाचशे गोळ्यांच्या खोक्याला, ज्याला वीट म्हणतात, ४५ डॉलर म्हणजे नऊ सेंटला एक. तीच ऑनलाइन सात सेंटला घरपोच मिळत असेल, तर शोमधून उचलून आणायचं कारण नाही. २०१३च्या टंचाईत याच विटा शोमध्ये दुप्पट-तिप्पट भावाने विकल्या गेल्या आणि माणसं रांगा लावून घेत होती. टंचाईच्या दिवसांत शोकडे फिरकू नका. टार्गेटसाठीच्या गोळ्या घ्यायच्या तर एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या घ्या. आधी दोन-तीन प्रकारांचा एकेक डबा मारून बघा, रायफलीला जी मानवते तिचाच साठा करा. आणि पिशवीत भरून विकलेल्या, कुणीतरी घरी पुन्हा भरलेल्या, पॉइंट टू टूपेक्षा मोठ्या गोळ्या कितीही स्वस्त असोत, घेऊ नका. आत पावडर किती आहे हे तुम्हाला बाहेरून कळत नाही आणि चेहरा तुमचा त्याच्यामागे असतो.

जरा विषयांतर करते. एकदा सुट्या काडतुसांच्या खोक्यात पॉइंट थ्री नॉट थ्रीचं एक काडतूस हाती आलं, बुडावर के आणि एफ अशी अक्षरं. म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्यातलं! पुण्याहून निघून ते टेक्सासच्या टेबलावर कसं पोचलं असेल, या विचाराने मी बराच वेळ तिथेच उभी होते. इशापूरची २ए१ रायफलही या शोंमध्ये दिसते, १९६२च्या युद्धानंतर बनलेली, ७.६२ची. कधी दिसली तर नक्की हातात घेऊन बघा. पण ती जुनी पॉइंट थ्री नॉट थ्रीची काडतुसं मारण्यासाठी घेऊ नका. त्यांच्या प्रायमरमधले क्षार नळीला गंज चढवतात.

आता कायद्याचं, आणि हे तुम्ही अजून नागरिक नाही म्हणून जास्त लक्ष देऊन वाचा. ग्रीन कार्डधारकाला रायफल घेता येते. डीलरकडे फॉर्म ४४७३ भरायचा, त्यात तुमच्या ग्रीन कार्डावरचा यूएससीआयएस क्रमांक लागतो, आणि मग एफबीआयच्या यंत्रणेतून तपासणी होते. शोमध्येही हे सगळं टेबलावरच होतं. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता आताच्या घराचाच हवा. घर बदललं असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर सौदा पक्का होऊन रिकाम्या हाताने परत याल. फॉर्मवर विचारतात, खरे खरेदीदार तुम्हीच ना? मुलीसाठी स्वतःच्या पैशाने घेणं ही भेट झाली, ते चालतं. पण एच-१बीवरच्या भावाने पैसे दिले आणि तुम्ही आपल्या नावावर घेतलीत, तर तो गंभीर संघीय गुन्हा आहे. व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे ठरावीक अपवाद सोडले, तर हत्यार जवळ बाळगायलाच बंदी आहे. हत्यारासंबंधी गुन्हा सिद्ध झाला तर ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येतं. शंभर-दोनशे डॉलर वाचवण्यासाठी यातलं काहीही करू नका.

टेक्सासात खाजगी विक्रेता कागद न करताही रायफल विकू शकतो, शोमध्ये तसे लोक भेटतात. मी तरी घेत नाही. जवळच्या डीलरला ट्रान्सफरचे पैसे देऊन त्याच्या मार्फत करून घेते आणि पावती ठेवते. पुढे ती चोरीची निघाली तर रायफल जाते आणि पैसेही जातात. मग निदान कुणाकडून, कशी घेतली हे दाखवता तरी येतं.

तुमच्या मित्राने तुल्साच्या शोचं नाव काढलं असेल. वॅनेनमाकरचा शो, एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये भरतो, चार हजारांहून जास्त टेबलं. एकदा जाच, एवढ्या जुन्या रायफली एका छताखाली दुसरीकडे दिसत नाहीत. पण तुम्ही टेक्सासचे. ओक्लाहोमाच्या खाजगी माणसाकडून तुम्हाला थेट घेता येत नाही. ओक्लाहोमाचा डीलर रायफल तिथेच देऊ शकतो, पिस्तूल मात्र नाही, ते टेक्सासच्या डीलरकडे पाठवावं लागतं. आणि परराज्यातल्या डीलरला तिथे फक्त माल दाखवून ऑर्डर घेता येते. म्हणून भाव करण्याआधी पहिला प्रश्न, ‘तुमचं डीलरचं लायसन्स कुठल्या राज्याचं?’ नाहीतर वाचवलेले पैसे कुरियर आणि ट्रान्सफरमध्ये जातात.

वेळेचं म्हणाल तर हवी ती वस्तू शनिवारी सकाळी दिसते आणि रविवारी दुपारी स्वस्त होते. शनिवारी पूर्ण चक्कर मारा, काही घेऊ नका, कुठल्या टेबलावर काय आहे ते लिहा. फारच दुर्मीळ असेल तर लगेच घ्या, बाकी रविवारी दोननंतर. जड रायफली पुन्हा गाडीत भरायचा कंटाळा त्यांनाही असतो. रोख रक्कम मोजून न्या आणि मालाला नावं ठेवून भाव पाडू नका. संग्राहकाला वस्तूवर प्रेम असतं. मुलगी शिकतेय असं खरं ते सांगा. मला एका आजोबांनी त्याच कारणाने साफसफाईचा जुना रॉड फुकट दिला होता.

रायफलीच्या बजेटमधून कुलपाच्या कपाटाचे पैसे आधी बाजूला काढा. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी हेच केलं असतंत. मुलीला १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करू द्या, फोर-एच या मुलांसाठीच्या संस्थेच्या शूटिंगच्या वर्गांची चौकशी करून बघा. तिथे क्लबची रायफल मिळते आणि वर्षभरात कळतं की पोरीचं मन त्यात किती आहे.

रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती कधीही प्रवासाला वापरू नका. भारतात विमानतळावर सामानात एक विसरलेलं काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली अटक होऊ शकते. माझ्याकडे त्या बॅगेच्या पट्ट्याला लाल रिबन बांधलेली आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे की ही बॅग गावाला जात नाही.