35 हजारात मिडियम फॉरमॅटची जुनी बॉडी कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न असा की डिजिटलवर हात बसलाय, आता 120 फिल्मचा (म्हणजे नेहमीच्या 35 एमएमपेक्षा रुंद रोलचा, मिडियम फॉरमॅट) जुना कॅमेरा घ्यायचाय, बजेट 35 हजार, तर आधी बॉडी घेऊन लेन्स नंतर घेतली तर चालेल का, आणि ममिया, ब्रोनिका की यशिका. मी पण नागपूरचाच, 120 वरच शूट करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बॉडी मग लेन्स हा प्लॅन सोडून द्या. डिजिटलमध्ये बॉडी म्हणजे जवळपास अख्खा कॅमेरा, इथे तसं नाही ना. ममिया आरबी 67 ची नुसती बॉडी म्हणजे आरसा, बेलोज (फोकससाठी पुढेमागे होणारा घडीचा भाता) अन् फोकसचा नॉब, बस. शटर लेन्समध्ये, फिल्म मागच्या मॅगझिनमध्ये, वरचा फाइंडर वेगळा. त्यामुळे फक्त बॉडी स्वस्तात दिसते अन् माणूस हुरळून घेऊन टाकतो, मग मॅगझिन शोधा, फाइंडर शोधा, फोकसिंग स्क्रीन शोधा, आणि एकेक करत तो सेट पूर्ण सेटपेक्षा महाग पडते. त्यात 220 चं मॅगझिन स्वस्त आहे म्हणून गळ्यात मारतात, 220 फिल्म (120 सारखीच, पण दुप्पट लांब) आता जवळपास मिळतच नाही, मागायचं तर 120 चंच मागा. लेन्स, मॅगझिन, फाइंडर सगळं लागलेला आणि चालता सेटच घ्या.

दुसरं म्हणजे बॅटरी. ममिया एम645 चं शटर बॅटरीशिवाय उडतच नाही, ब्रोनिका ईटीआरएस बॅटरी संपली की फक्त 1/500 वर चालतो. दोन्ही कॅमेरे चांगले आहेत, एका रोलमध्ये 15 फ्रेम देतात, पण आतलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर दुरुस्त करणारा शोधायला तुम्हाला नागपूरबाहेर पहावं लागेल, आणि 35 हजारातले 10 हजार दुरुस्तीत गेले तर मग बजेटला काय अर्थ राहिला. पूर्ण मेकॅनिकल कॅमेरा जुना घड्याळवाला नाहीतर जुना कॅमेरा मेकॅनिक उघडून साफ तरी करू शकतो.

म्हणून माझं मत, यशिका मॅट 124 जी घ्या. 80 एमएम एफ/3.5 ची लेन्स फिक्स आहे, म्हणजे पुढचा लेन्सचा खर्चच संपला, 6 बाय 6 च्या 12 फ्रेम, शटर 1 सेकंद ते 1/500 पूर्ण मेकॅनिकल. आतलं प्रकाश मोजायचं मीटर जुन्या मर्क्युरी सेलचं, तो सेल आता बनत नाही, पण मीटर मेलेलं असेल तर उलट भाव पाडून घ्या, फोनमधलं मीटरचं अ‍ॅप आरामात काम करते. 124 जी चे भाव नावामुळे चढलेत, त्यापेक्षा मीटर नसलेला यशिका डी मिळाला तर तोही बिनधास्त घ्या. लग्नाच्या फोटोंसाठी हे कॅमेरे आपल्याकडे खूप चालले, इतवारी, महाल, सीताबर्डीकडच्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांना जाऊन विचारा, कपाटात पडून असू शकतो. फक्त पोर्ट्रेटच करायचे असतील, घरात ट्रायपॉडवर, तर आरबी 67 ला तोड नाही, पण लेन्स-मॅगझिन धरून अडीच किलोच्या वर जाते आणि रोलमध्ये फ्रेम 10च. फुटाळा तलावावर संध्याकाळी खांद्याला लटकवून फिरायचा कॅमेरा नाही तो.

आता पाहायचं कसं, कारण मॉडेलपेक्षा तुमच्या हातातला तो एक नग कसा आहे हे जास्त महत्त्वाचं. शटर बी वर (बटण दाबून आहे तोवर उघडं राहते ती सेटिंग) उघडं ठेवून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर फंगस, धुरकट दिसलं तर हेझ. टीएलआरमध्ये (यशिकासारखा दोन लेन्सचा कॅमेरा, वरची बघायला, खालची फोटो काढायला) वरच्या लेन्सला थोडा फंगस असेल तर फोटोवर काही फरक नाही पडत, खालची स्वच्छ पाहिजे. मग शटरच्या पात्यांवर तेल आलंय का पाहा, आपल्याकडे 45 डिग्रीत कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या कॅमेऱ्याचं ग्रीस पातळ होऊन पसरते आणि स्लो स्पीड चिकटतात. फोनच्या 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शटर शूट करा, 1/15 ला साधारण 16 फ्रेम उघडं दिसलं पाहिजे, 1/30 ला 8. थोडंफार कमीजास्त चालते, दुप्पट नको. 1 सेकंदाला मध्येच अडकला तर साफसफाईचे पैसे भावातून कमी करायला लावा.

मागचं दार उघडून काळा फोम बोटाने दाबा, चिकट लागला तर लाइट सील (आत उजेड शिरू न देणारा फोम) गेले, ते घरी बदलता येतात, घाबरू नका. आरबी घेत असाल तर अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या आत टॉर्च ठेवून कोपरे पाहा. आणि टीएलआरमध्ये वरची-खालची लेन्स जुळते का हे नक्की पाहा, फिल्म जिथे बसते त्या पट्ट्यांवर दुधी टेप ताणून लावा, शटर उघडं ठेवा, दूरचा टॉवर वरच्या स्क्रीनवर फोकस करा, टेपवर पण तो शार्प दिसला पाहिजे. कोणीतरी उघडून चुकीचा बसवलेला कॅमेरा इथेच पकडला जातो.

सगळे 35 हजार कॅमेऱ्यात घालू नका. रोल हजाराच्या घरात धरा, म्हणजे 6 बाय 6 ला एक क्लिक 80 रुपयांच्या वर, डेव्हलप-स्कॅन वेगळं. 25 हजारापर्यंत कॅमेरा, बाकीचं फिल्म अन् डेव्हलपिंग टँकला ठेवा, ब्लॅक अँड व्हाइट घरी आरामात होते, फक्त मे महिन्यात नळाचं पाणीच गरम येते तर केमिकल 20 डिग्रीला आणायला बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवाव्या लागतात. बाहेरगावच्या माणसाकडून घेत असाल तर वर सांगितलेल्या टॉर्चचा आणि स्लो मोशनचा व्हिडिओ मागा, तो पाठवायला टाळाटाळ करत असेल तर कितीही स्वस्त असो, पैसे पाठवू नका.