पंचवीस प्रती, मग अस्सल कोणती?

प्रश्न : प्रदर्शनातून एक एचिंग घेतलं. खाली पेन्सिलनं ७/२५ लिहून सही केली आहे. एकाच चित्राच्या पंचवीस प्रती असताना माझी प्रत अस्सल कलाकृती कशी? सही केलेलं पोस्टरही मग तेच ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. पोस्टरचं मूळ चित्र दुसरीकडे असतं, छापखाना त्याचा फोटो छापतो. एचिंगला असं वेगळं मूळ नसतंच. चित्रकार जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देतो, सुईनं तो खरवडतो आणि पत्रा आम्लात सोडतो. उघडी पडलेली रेष आम्ल खातं. पत्रा थोडाच वेळ ठेवला तर ती फिकी उठते, जास्त ठेवला तर काळीभोर. लेप नीट चिकटलेला नसला की आम्ल त्याखाली शिरतं आणि जवळजवळच्या रेषांचा एकच खड्डा होतो. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून पत्रा प्रेसमधून काढायचा. कागद कोरडा असेल तर तो खाचेत उतरत नाही, रेष तुटक येते. हे सगळं प्रत्येक प्रतीसाठी नव्यानं. चित्र पूर्ण होतं ते कागदावरच, म्हणून पंचवीसही प्रती अस्सल.

आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे आम्लाशिवाय सुईनं थेट पत्र्यावर कोरलेल्या चित्रात, सुईनं उचललेली धातूची कड दाबानं लवकर बसते, तिथे मोजक्याच प्रती चांगल्या निघतात. एचिंगचा पत्रा बराच टिकतो, त्यामुळे २५ ही मर्यादा बहुधा चित्रकारानं स्वतः घातलेली असते. इंकजेटवर काढलेल्या प्रतिकृतीवरही सही आणि आकडा घालता येतो!

दहापट भिंगातून पाहा. रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसली तर ती ऑफसेटची, म्हणजे पोस्टरसारखी यंत्रावरची, छपाई. एचिंगमध्ये शाई कागदावर किंचित उठून असते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो. नुसता दाब पुरावा नव्हे, तो खोटाही उठवता येतो.

राजा रविवर्मांनी १८९४मध्ये मुंबईत काढलेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या छापखान्यातल्या ओलिओग्राफांबद्दलही, म्हणजे तैलचित्रांच्या शिळाछापाच्या रंगीत प्रतींबद्दलही, असंच विचारलं जातं. तैलचित्रावरून कारागीर रंगागणिक वेगळा दगड तयार करत. त्यांचं कसब थोर होतं, पण चित्र मुळात दगडावर घडलेलं नव्हतं. असा जुना ओलिओग्राफ जरूर घ्या, तो जपण्यासारखाच आहे. पावतीवर मात्र ‘रविवर्मांचं मूळ चित्र’ नको, ‘ओलिओग्राफ’ असंच लिहून घ्या.