पुलाखालच्या मुलांना दर रविवारी शिकवतो, पण मुलं टिकत नाहीत. काय करावं?

आधी सांगा, सोमवारी ती मुलं कुठं असतात? शाळेच्या पटावर नाव आहे का? नसेल तर तुमची बाराखडी, बिस्किटं आणि फोटो पुढच्या रविवारपर्यंत पुसले जातात. कडू लागेल, पण मुंबईत महापालिकेच्या शाळेत 29 वर्षं काढलीत मी.

2012 च्या ऑगस्टमध्ये एक बाई मुलीला घेऊन शाळेच्या फाटकात उभी. राहायला उड्डाणपुलाखाली, सिग्नलला गजरे विकायची. पोर नऊ वर्षांची. मुख्याध्यापकांनी जन्मदाखला मागितला, मग लाइटबिल. पुलाखाली लाइटबिल! मी म्हटलं, सर, शिक्षणहक्क कायदा लागू होऊन दोन वर्षं झाली. वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आईनं लिहून दिलेलं चालतं, उशिरा आली तरी घ्यावं लागतं. तर म्हणाले, "बाई, उद्या ही मंडळी उठून गेली की गळती माझ्या नावावर. काय उपयोग पटावर नाव घालून?" नाव घातल्यावरही हा वाद आमचा तीन वर्षं चालला.

घातलं शेवटी नाव. जन्मतारीख 1 जून. आमच्याकडे ज्यांचं काहीच माहीत नाही ते सगळे 1 जूनलाच जन्मतात. सरांना ती पहिलीत बसवायची होती. नऊ वर्षांची पोर सहा वर्षांच्यांत बसवली की आठवड्यात पळते. कायद्यानं वयाप्रमाणे वर्ग, म्हणजे चौथी. मी माझ्या चौथीत घेतली आणि अक्षरं वेगळी शिकवली.

पंधरा दिवसांत यायची बंद. गेले पुलाखाली. अतिक्रमणवाल्यांची गाडी बोचकी उचलून घेऊन गेली होती. त्यात दप्तर, गणवेश, बूट, महापालिकेनंच फुकट दिलेल्या 27 वस्तूंपैकी बहुतेक सगळ्या. एका खात्यानं दिलं, दुसऱ्यानं नेलं. पोर लाजेनं येत नव्हती. कुणाकुणाचं जुनं मागून आणलं आणि तेव्हापासून तिचं दप्तर अन् गणवेश माझ्या वर्गातल्या कपाटात राहिला. सकाळी लवकर यायची, शाळेच्या नळावर हातपाय धुवायची, कपडे बदलायची. बाहेर अंघोळीला पैसे पडतात. गृहपाठ मी कधी दिला नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून मोठे झालेल्यांच्या गोष्टी ज्यांना आवडतात, त्यांनी एकदा हायवेच्या कडेला बसून दहा ओळी शुद्धलेखन लिहून पाहावं.

तर तुम्ही एक सोमवार रजा काढा. आई आणि मूल, दोघांना घेऊन जवळच्या शाळेत जा, लेखी अर्ज द्या, पोच मागा. तोंडी "नाही" म्हणणारे तेच कागदावर लिहून देत नाहीत. हल्ली आधारची नवी भानगड आहे. शिक्षकांची पदं आधार जुळलेल्या मुलांवर मंजूर होतात, म्हणून बिनआधारचं पोर शाळेला नकोसं वाटतं. आधार काढून द्या जरूर, पण प्रवेश त्याच्यासाठी अडवू देऊ नका.

आणि हो, सहा वर्षांखालच्यांना तुमचा वर्ग ठीकच आहे. ठाण्यात तीन हात नाक्याला 2016 पासून सिग्नल शाळा चालते, तीही पुलाखालीच. पण ती रोज भरते, शिक्षक नेमून. तेव्हा माझा राग पुलावर नाही, रविवारवर आहे.

ती पोर? सहावीत असताना कुटुंब उठून कल्याणकडे गेलं. सर म्हणाले, "बघा, झाली ना गळती!" झाली. पण जूनमध्ये आई दाखला मागायला आली, तिकडच्या शाळेनं विचारला होता म्हणून. पटावर नावच नसतं तर दाखला कशाचा दिला असता? तरी सर शाळा सोडण्याच्या कारणात "सतत गैरहजर" लिहायला निघाले. मी टेबलाशी उभी राहिले. "स्थलांतर" लिहा म्हटलं. लिहिलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्यासोबत चहाला बसले नाहीत ते.