क्यूजीआयएस की आर्कजीआयएस? नवख्यांसाठी थोडक्यात

ठाण्यातल्या तलावांचा नकाशा करायचाय ना, मग संगणकावर नकाशे बनवायच्या क्यूजीआयएस आणि आर्कजीआयएस या दोन सॉफ्टवेअरपैकी बिनधास्त क्यूजीआयएस घ्या. २००२ पासून चालू असलेला मुक्तस्रोत प्रकल्प आहे, परवान्याचा खर्च नाही, जुन्या लॅपटॉपवरही शिकण्यापुरतं काम निघतं. फक्त सगळ्यात नवी नको, 'एलटीआर' (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहणारी) आवृत्ती उतरवा. ती जास्त स्थिर असते.

आर्कजीआयएस दमदार आहे, पण परवान्याचे पैसे मोजावे लागतात. ज्या ऑफिसात सगळं त्यातच चालतं तिथे लागलात तर तेव्हा शिका. थर (नकाशावर एकावर एक रचलेली माहिती), प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत), गुणधर्मांचा तक्ता (थरातल्या प्रत्येक आकाराची माहिती) या कल्पना दोन्हीकडे त्याच आहेत.

सुरुवातीला घोळ होतो तो इथे:

- प्रोजेक्शन. हे सगळ्यात महत्त्वाचं. मासुंदा तलावाभोवती १०० मीटरचा बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा, हवाय आणि थर अक्षांश-रेखांशात आहे, तर सॉफ्टवेअर ते १०० अंश धरतं आणि अख्खा नकाशा झाकून जातो! आधी थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये (यादीतला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३) एक्सपोर्ट करा. ठाणे, नवी मुंबई दोन्ही त्यातच येतात.
- शेपफाइल, म्हणजे थर साठवायचा एक फाइल-प्रकार. नुसती डॉट एसएचपी पाठवली तर समोरच्याला उघडत नाही, सोबतच्या फाइलीही लागतात. शिवाय रकान्याचं नाव दहा अक्षरांत कापलं जातं. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा, सगळं एकाच फाइलीत राहतं.
- 'उपवन', 'कचराळी' अशा तलावांच्या नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ करा.

प्लगइन (वरून जोडायच्या सुविधा) आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मागे आत्ता लागू नका. या आठवड्यात एकच तलाव नीट रेखाटा आणि अडलं की लगेच विचारा.